माझ्या वाट्याचा ‘क’

७ जानेवारी २००३, मंगळवार

नाही घेतलं शाळेने.

बाईंनी प्रज्ञाला विचारलं, पापा का नाम? ही म्हणाली, “पद्मातर.” त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा “पद्मातर.” त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी घाईघाईने सांगितलं, पद्माकर बोल रही है जी. मग घर कुठे विचारलं तर “द्वारता.” द्वारका, तेही मीच सांगितलं. काय आवडतं, तर “दाजर”. गाजर जी, गाजर. असं प्रत्येक उत्तराला. शेवटी बाई हसून म्हणाल्या, एडमिशन आपका करना है या बच्ची का?

जिना भराभर उतरले. प्रज्ञा मात्र मजेत. मला विचारते, “आई, त्या ता हसल्या?”

हे मानेसरहून, कामावरून आले तेव्हा सांगितलं. बूट काढता काढता म्हणाले, “साडेपाच वर्षांची झाली, विजया. आता हे लाडाचं बोबडं नाही राहिलं.” जसं काही लाड मी एकटीच करते!

आता मार्चअखेर आपल्या सेक्टरातल्या शाळेची मुलाखत. तीच एक उरली. तिथेही असंच झालं तर वर्षभर पुन्हा बालवाडीत, तिच्याहून लहान पोरांत.

८ जानेवारी

सासूबाईंचा मिरजेहून फोन. वेखंड उगाळून मधातून जिभेला लाव म्हणाल्या, आमच्या पद्माला तसंच केलं होतं. लावलं. प्रज्ञाने सगळं थुंकून टाकलं. मध फुकट गेला.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला लष्करी छावणीत राहणाऱ्या, आपल्या ओळखीच्या सुरेखाताई आल्या, आणि इमारतीतल्या तिघी-चौघी. प्रज्ञा ताट घेऊन सगळ्यांपुढे, “तिळदूळ ध्या, दोड बोला!” सगळ्या हसल्या. प्रेमाने हसल्या, पण हसल्याच. दोघींनी तर पुन्हा म्हणायला लावलं.

सुरेखाताईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. त्यांच्या ओळखीतल्या एका मुलाला असंच होतं. क म्हणायला जिभेचं मूळ उचलावं लागतं, हिच्या जिभेचं टोकच पुढे धावतं, म्हणून त आणि द. त्यासाठी शिकलेल्या बाया असतात म्हणे. एक आपल्याच भागात बसते, पलीकडच्या सेक्टरात. ममता नाव. औषध नाही, गोळी नाही, नुसतं बोलायला शिकवते.

नुसतं बोलायला! ते आई शिकवते. त्याची फी?

१७ जानेवारी, शुक्रवार

गेलो. हे म्हणाले, फीचा विचार करू नकोस. तो मीच करते, दुसरं कोण करणार. रिक्षा न करता चालत गेलो.

तळमजल्यावरची खोली. एक मोठा आरसा, चित्रांचे पत्ते, खाली गादी. ममता मॅडम माझ्याहून लहान. अंगात जीन्स. कुंकू नाही, पण हातात लाल चुडा, म्हणजे नवीन लग्न. प्रज्ञाच्या शेजारी खालीच बसली. एकेक चित्र दाखवून नाव विचारत होती. प्रज्ञाने “तेळं” म्हटलं, मी लगेच सांगितलं, केला जी, मराठी में केळं बोलते. “थिडती” म्हटलं, मी म्हटलं, खिड़की. असं चार-पाच वेळा झालं. मग ती मला म्हणाली, “आप मम्मी हैं, ट्रांसलेटर नहीं. आप बाहर बैठिए.”

मला बाहेर काढलं! स्टुलावर बसून पोथी वाचत होते पण डोळ्यांपुढे एक ओळ ठरेना. आतून प्रज्ञाचं हसणं.

नंतर समजावून सांगितलं तिने, हे खरं. कान चांगले आहेत, जीभ चांगली आहे, अक्कल तर भरपूर आहे. फक्त सवय चुकीची बसली आहे. बसली आहे म्हणजे उठेलही. आणि मला म्हणाली, ती चुकीचं बोलली की लगेच हातात वस्तू देऊ नका. जरा थांबा. थोडं न कळल्यासारखं करा.

पोटची पोर बोलते ते मला कळत नाही असं दाखवू? हे असलं नाटक मला जमणार नाही.

२१ जानेवारी

चूळ भरताना घशात पाणी घुळघुळवायचं. हा अभ्यास! पाणी टँकरचं, आणि ही पोर तांब्यावर तांबे संपवते. मॅडमनी सांगितलंय म्हणे. मॅडमनी सांगितलं की सगळं खरं.

२४ जानेवारी

आज दार किलकिलं होतं. प्रज्ञाला गादीवर उताणी झोपवलेलं, मान जरा मागे. तशी जीभ आपोआप मागे पडते. टोक खाली राहावं म्हणून चपटी लाकडी काडी अगदी हलकी ठेवलेली. मॅडम स्वतःही शेजारी आडवी! दोघी छताकडे बघत खोकल्यासारखा आवाज काढत होत्या. मग दोघी हसत सुटल्या.

माझ्या शेजारी अशी आडवी होऊन कधी हसली होती? आठवत बसले.

२८ जानेवारी

इथे तरी खरं लिहिते.

ह्या इमारतीत मी आले तेव्हा लिफ्टमध्ये एकीने विचारलं, आप कहाँ से? मी म्हटलं, हम मिरज से आयी. तेव्हापासून बायका माझं बोलणं ऐकताना ओठ दाबतात. इंग्रजी मॅट्रिकपुरतं. दूधवाल्याशी भांडायचं तर आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. पण प्रज्ञा बोलली की ह्यांनासुद्धा माझ्याकडे वळून विचारावं लागतं, काय म्हणते गं? सासूबाई फोनवर म्हणतात, विजयाला दे, तिला विचारते. त्या एका भाषेत मी पंडित. दुसरं कुणीच नाही.

ती भाषा मोडायला मी स्वतः तिला हाताला धरून, आठवड्यातून दोनदा, चालत नेते.

३१ जानेवारी, शुक्रवार

आला. क आला.

मी मनात संकल्प केला होता. पहिला स्वच्छ शब्द देवाचा निघायला हवा, गणपती. रोज दिवा लावल्यावर तिला जवळ घेऊन म्हणवून घ्यायची. “ददपती”, “दनपती”. मी म्हणायची, येईल, बाप्पा देईल.

आणि आला कुठे? तिथे! मॅडमच्या आरशापुढे. दार धाडकन उघडून मॅडम बाहेर आली, मम्मी, सुनिए सुनिए! प्रज्ञा दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, “कौआ!”

पहिला क, आणि तो कावळ्याचा. तोही हिंदी.

मॅडमचे डोळे भरून आले होते. माझे नाही आले. मी म्हटलं, अच्छा है. चप्पल घातली.

रस्ताभर ती माझा हात ओढून “आई, कौआ! आई, कौआ!” म्हणत होती. विमानं जात होती डोक्यावरून, त्यामुळे मला उत्तर द्यावं लागलं नाही. घरी येऊन कणीक मळली. बराच वेळ मळली.

१ फेब्रुवारी

काल वाईट वागले का? देवापुढे माफी मागितली. नारळ फोडला. बाप्पाचंही काही असेल की त्यात.

५ फेब्रुवारी

आता नवीनच! दार उघडल्यावर शेजारणीला म्हणाली, “मेरा नाम प्रग्या.” प्रग्या कोण? आपल्याकडे ज्ञ असा म्हणतात का? तिच्या आजोबांनी पत्रिका बघून ठेवलेलं नाव. तरातरा गेले मॅडमकडे. मनात वाक्यंसुद्धा जुळवली नव्हती. म्हटलं, आपने बच्ची का नाम बदल दिया.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सॉरी, मुझे नहीं पता था, आप बोलके दिखाइए. माझ्या तोंडून दोनदा ऐकलं, स्वतः म्हणून बघितलं, आणि फाईलवर तसं लिहून टाकलं. म्हणाली, मी तर इथे ग नसून द आहे म्हणून चूक धरत होते, बिचारी बरोबरच म्हणत होती.

भांडायलासुद्धा जागा ठेवत नाही ही बाई!

११ फेब्रुवारी

प्रज्ञाने चित्र काढलं. घर, झाड, विमान, बाबा, आई, मॅडम. मॅडमला लाल चुडा. मला बांगड्या काढायला विसरली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडम सहज म्हणाली, प्रज्ञा को प्लेन से डर लगता है ना? एकदम घरावर पडेल असं वाटतं तिला, बताया उसने.

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं त्याच विमानांखाली राहतो आम्ही. मी म्हटलं, हाँ हाँ, पता है.

खोटं बोलले. शुक्रवारी, देवीच्या दिवशी.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे तिला घेऊन बागेत गेले होते. परत आले ते उड्या मारतच. “अगं, बोलते की! काकडीवाल्याला कशी म्हणाली, भैया, ककड़ी में नमक कम. स्वच्छ! तू म्हणतेस घरी काही फरक नाही.”

मी म्हटलं, नाहीच आहे. माझ्याशी बोलून दाखवू दे.

ह्यांनी तिला पुढे केलं. म्हण बेटा, काकडी. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या पदराचं टोक स्वतःच्या बोटाला गुंडाळलं. म्हणाली, “तातडी.”

हे म्हणाले, दमली असेल. मी भांडी घासायला गेले.

२० फेब्रुवारी

गेटवर शंकर चौकीदार. म्हणतो, बिटिया अब बहुत साफ बोलती है, आज बोली, अंकल गेट खोलो. कौतुकाने सांगत होता बिचारा. मला त्याचाही राग आला.

मॅडमला क. बाबांना क. काकडीवाल्याला, चौकीदाराला क. जिने नऊ महिने पोटात वागवली, तिला त!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज विचारलंच तिला. आपने इसको क्या सिखाया है? मम्मी के साथ नहीं बोलना, ऐसा?

मॅडम थक्क झाली. बसवलं मला. पाणी दिलं. म्हणाली, मुलं कधी कधी एका माणसाशी जुनंच धरून ठेवतात, असं होतं. मग म्हणाली, “एक बात पूछूँ? जब वो घर पे सही बोलती है, तब आप क्या करती हैं?”

मी काय करते? उठल्यापासून झोपेपर्यंत सगळं मीच तर करते! डबा, वेणी, स्तोत्र, पाढे, तिचं ते घुळघुळ पाणी. मी उठले. म्हटलं, हम कल से नहीं आएँगे.

प्रज्ञाने जाताना तिला मिठी मारली. मी चपलेचा पट्टा लावत बसले, वर बघितलं नाही.

२६ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं, माझ्याशी तर एक अक्षर नीट नाही, कशाला पैसे घालवायचे. ह्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “मुलाखत तुझ्या डोक्यात आहे ना?”

आहे. मी शिकवीन.

१ मार्च, महाशिवरात्र

उपास. आरसा घेऊन बसले. कपाटाचा काढता येत नाही म्हणून दाढीचा घेतला. म्हण, क. ती त म्हणाली. चमच्याने जीभ दाबली, जोरात दाबली गेली असेल, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. पुन्हा म्हण. त. म्हटलं, मॅडमला बरोबर म्हणून दाखवायचीस!

“मॅडमतडे तधी जायचं?”

नाही जायचं.

रताळ्याचा कीस केला होता. दोघींनीही नीट खाल्ला नाही.

९ मार्च

आता आरसा काढत नाही मी. ती बोलते ते मला कळतं, मी बोलते ते तिला. पूर्वीसारखं. रात्री मांडीवर झोपते. बरं वाटतं. बरं वाटतं याची भीतीही वाटते.

१८ मार्च, होळी

खाली रंग चालला होता. गॅलरीतून बघत होते. प्रज्ञा पोरांच्या घोळक्यात ओरडत होती, मला शब्द ऐकू येत नव्हते. पोरं तिचं ऐकत होती मात्र. कुणी हसत नव्हतं. वर आली ती नखशिखांत गुलाबी. “आई, बध माझा रंद!”

२२ मार्च, शनिवार

मुलाखत झाली.

सकाळी देवापुढे बसले तर स्तोत्र तोंडात येईना. ह्यांनी रजा घेतली. तिघं गेलो. प्रिन्सिपॉल बाई वयस्क, चष्मा नाकावर. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. तयारीत. प्रज्ञा बोलली की लगेच सांगायचं.

आपका नाम? “प्रज्ञा.” आपल्यासारखं म्हणाली, बाईंनी पुन्हा विचारलं तर न घाबरता पुन्हा तेच. पापा का नाम? “पद्माकर.”

मी तोंड उघडलं होतं. तसंच मिटलं.

मम्मी क्या करती हैं? मला वाटलं, खाना बनाती है म्हणेल. पण ही बाहुली बोलतच सुटली. मम्मी खाना पकाती है, भगवान का गाना गाती है, किताब में रोज कुछ लिखती है, कोई देखे तो छुपाती है. क, ख, ग, घ, सगळे! बाई हसल्या. हे हसले. कुणीच माझ्याकडे वळून विचारलं नाही, काय म्हणते गं.

बाहेर आल्यावर ह्यांनी तिला उचलून गरगर फिरवलं. घेतील म्हणाले, नक्की घेतील. मीही हसत होते. ती ह्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे हात पसरून म्हणाली, “आई, मी दोड बोलले ना?”

ह्यांनी तिला खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं.

२३ मार्च, रविवार

मॅच हरलो. वर्ल्ड कप गेला. सगळी सोसायटी चिडीचूप, हे जेवले नाहीत. प्रज्ञा जाऊन ह्यांच्या मांडीवर बसली, “बाबा, कप पुढच्या वेळी आणू.” मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात, “आई, बाबा ता रडतात?”

२४ मार्च, सोमवार

हे कामावर गेले. तिची वेणी घालता घालता विचारलं. रागावून नाही. सगळ्यांशी नीट बोलतेस, मग माझ्याशीच का नाही गं?

ती रिबिनीचं टोक चावत बसली. मग माझ्याकडे न वळताच म्हणाली, “मी नीट बोलले की तू गप्प होतेस.”

की स्वच्छ. गप्प स्वच्छ. मला म्हटलेलं पहिलं नीट वाक्य.

मला बोलता येईना. हात वेणीतच राहिले. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. बघत राहिली. मग जवळ सरकली, माझ्या गालाला हात लावला आणि हळूच म्हणाली, “आई, ताय झालं?”